ब्रेक करणाऱ्याने मागे बसायचं

माझ्या मोटारसायकलच्या प्रत्येक नटावर लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ आहे. नटावर सुरू होते आणि शेजारच्या लोखंडावर संपते. बदली होऊन मी या गावात आले तेव्हा इथल्या मेकॅनिकने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ताई, हे दृष्ट लागू नये म्हणून का?" मी हो म्हणून मोकळी झाले. खरं सांगायचं तर जळगावच्या माझ्या घरमालकांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्या माणसाकडे आणखी चार गाड्या खोळंबल्या होत्या. तुम्हाला घाई नसेल तर सांगते.

जळगावच्या पिंप्राळ्यात वरच्या मजल्यावरची एक खोली भाड्याने मिळेल असं कळलं म्हणून मी बघायला गेले. मी कपाशीच्या बियाण्याच्या कंपनीत नोकरीला होते. आठवड्यातले बरेचसे दिवस गाडीवरच. चोपडा, यावल, पारोळा, कधी थेट धुळे. एकट्या मुलीला खोली देताना घरमालक काय काय विचारतात ते मला पाठ होतं आणि त्याची उत्तरंही पाठ होती. या घरमालकांनी, म्हणजे नानांनी, त्यातलं काहीच विचारलं नाही. ते गेटाबाहेर माझ्या गाडीपाशी उकिडवे बसले होते. तिथूनच म्हणाले, "सर्व्हिसिंग कुठे करता?"

"शोरूमला. सकाळी देते, संध्याकाळी आणते."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात ऑफिस."

"म्हणजे तुम्ही बघत नाही." मी तान्हं मूल एसटी स्टँडवर ठेवून आले असावे अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, ज्याच्यावर बसून तुम्ही हायवेने जाता, ते कोणी आवळलं तेही तुम्हाला माहीत नाही?"

"अहो, तिला खोली बघायचीये," आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांना सगळे माई म्हणत.

"खोली कुठे पळून चालली? आधी चेन बघू," नाना म्हणाले. चेन सैल निघाली. खोली मला मिळाली ती बहुधा माझी दया येऊन.

नानांची सगळी नोकरी वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, तपासणी विभागात गेली. तिथे ते काय तपासत हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पण दुसऱ्याने 'झालं' म्हणून पुढे सरकवलेली वस्तू उचलायची आणि 'काय झालं?' असं विचारायचं, याचा त्यांनी आयुष्यभर पगार घेतला. निवृत्तीनंतर पगाराचं पेन्शन झालं, प्रश्न तसाच राहिला. माईंनी भाजी झाली म्हटलं की नाना झाकण उचलून बघत. न्हाव्याने दाढी झाली म्हटलं की हनुवटीखालून उलटा हात फिरवत. आणि मेकॅनिक जर म्हणाला, "झाली तुमची गाडी," तर नाना शांतपणे म्हणत, "काय झालं तिला? मुलगा की मुलगी?"

त्यांचं एक वचन होतं. देवावर भरवसा ठेवावा, मेकॅनिकवर नजर. देवावर भरवसा ठेवायला हरकत का नाही, तर देव गाडी खोलत नाही.

ही नेलपॉलिशची रेघ म्हणजे त्यांच्या नजरेचाच पुढचा भाग. नट नीट आवळला की त्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. नट सैल झाला तर रेघ मोडते, वाकून न बघताही कळतं. आणि दुसरा फायदा नानांना जास्त प्रिय होता. मेकॅनिकने न खोलता खोललं म्हणून सांगितलं तर रेघ जिथल्या तिथे असते. "मागचं चाक काढून ग्रीस भरलं म्हणतोस," नाना एका गॅरेजवाल्याला म्हणाले होते, "आणि रेघ हललीसुद्धा नाही. चाक काय मंत्र म्हणून काढलंस?" दुसऱ्या दिवसापासून नानांची गाडी गल्लीच्या तोंडाशी दिसली की तो माणूस शटर अर्धं खाली ओढून जेवायला बसायचा, मग सकाळचे दहा वाजलेले का असेनात.

माई नेलपॉलिश लावत नसत. त्यामुळे नानांना ती स्वतः विकत घ्यावी लागे. फुले मार्केटातल्या एका दुकानात ते मला एकदा बरोबर घेऊन गेले, कारण बायकांच्या वस्तूंच्या दुकानात एकट्याने उभं राहायला त्यांना संकोच वाटत होता. दुकानातले शेठ मूळचे राजस्थानचे, पण जन्म इथलाच. त्यांनी कौतुकाने विचारलं, "माईंसाठी का नाना?"

"नाही. गाडीसाठी."

शेठनी चष्म्यावरून नानांकडे पाहिलं. पण धंद्याच्या माणसाने कशाचं आश्चर्य वाटून घ्यायचं नसतं. "चमकवाली दाखवू की साधी?"

"पेट्रोलने निघायला नको अशी दाखवा."

"पेट्रोलने?" शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. "नाना, आमचं कुठलंच गिऱ्हाईक आजवर पेट्रोलने हात धूत नव्हतं हो."

मग नानांनी डाव्या अंगठ्याच्या नखाला एक लाल, उजव्याच्या नखाला दुसरी लाल अशी लावून घेतली आणि घरी येऊन दोन्ही अंगठे पेट्रोलच्या वाटीत बुडवून बसले. डाव्या अंगठ्यावरची टिकून राहिली. तो लाल अंगठा घेऊन ते त्याच आठवड्यात भुसावळला पुतणीच्या लग्नाला गेले आणि मुलाकडच्या मंडळींना वाकून नमस्कार करत हिंडले. माई सांगत होत्या की मुलाकडच्या बायका त्या अंगठ्याबद्दल अजून विचारतात.

हे सगळं मला आधी फार गमतीचं वाटायचं. माझ्या गाडीला त्यांनी न विचारता रेघा ओढल्या तेव्हा तर मी वैतागलेच होते. पण एका सकाळी मी चोपड्याला निघाले होते, हेल्मेट डोक्यात, गाडी सुरू, आणि नाना चहाचा कप घेऊन पायऱ्यांवर उभे होते. कप खाली ठेवून ते एकदम म्हणाले, "बंद करा." मागच्या चाकाच्या मोठ्या नटावरची रेघ दोन तुकड्यांत दिसत होती. आदल्याच दिवशी शोरूममधून पंक्चर काढून आणली होती. नाना नटाला हात लावून म्हणाले, "हा चोपड्यापर्यंत पोचला असता मॅडम. तुमचं सांगता येत नाही." मी हेल्मेट काढलं आणि गेटाला टेकून उभी राहिले. त्या दिवसापासून मी रेघांबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि शोरूम सोडून नानांच्या मेकॅनिककडे जायला लागले.

नानांचा मेकॅनिक म्हणजे संजूभाऊ. हा मूळचा पारोळ्याकडचा, उड्डाणपुलाच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज. बाकी सगळ्यांनी नानांपुढे हात टेकले होते. एकाने तर पाटीच लावली होती : 'काम चालू असताना मालकाने गाडीजवळ उभे राहू नये.' नानांनी ती पाटी चष्मा लावून वाचली आणि घरून स्टूल आणलं. संजूभाऊ टिकला, कारण त्याचं तोंड नानांच्या तोंडाला पुरून उरणारं होतं. हाताने मात्र तो अगदी सोन्यासारखा होता असं नाही. बोलण्याच्या नादात हमखास काहीतरी विसरायचा. एकदा नानांच्या गाडीच्या एअर फिल्टरमध्ये त्याचं हात पुसायचं फडकंच राहिलं. नानांनी ते दोन बोटांत धरून बाहेर काढलं आणि गॅरेजभर फिरवून सगळ्यांना दाखवलं.

"नाना, माणूस शे," संजूभाऊ म्हणाला, "चुकी व्हस."

"व्हस म्हनीसनच मी आठे बसस," नाना स्टुलावर थाप मारत म्हणाले. नाना मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले. माझ्याशी, बँकेत, कचेरीत ते पुस्तकी मराठी बोलत, पण चिडले किंवा खुशीत आले की अहिराणीवर उतरत. संजूभाऊशी ते फक्त अहिराणीतच बोलत, म्हणजे कायम एक तर चिडलेले असत नाहीतर खुशीत.

आणि इथेच नानांचा तो नियम लागू व्हायचा, ज्यामुळे पिंप्राळ्यात त्यांचं नाव झालं. ब्रेकचं काम ज्याने केलं त्याने मागे बसायचं. काम झालं की नाना स्वतः गाडी चालवणार, मेकॅनिक मागे बसणार, दोघे पुलावर चढणार आणि पलीकडच्या उतारावर नाना ब्रेक दाबणार. त्यासाठी एक जादा हेल्मेट ते बरोबरच आणत. "कारखान्यातही असंच असतं," ते म्हणत. असतं की नाही देव जाणे. पण त्यातलं तर्कशास्त्र बिनतोड होतं. आपण बसणार आहोत हे माहीत असलं की माणूस नट अर्ध्या वेढ्याने जास्त आवळतो.

संजूभाऊ हेल्मेट चढवून, "कानबाई माय, सांभाळ," असं म्हणत मागे बसायचा आणि भाजीवाले, रिक्षावाले, शाळेतून येणारी पोरं, सगळे पुलाच्या तोंडाशी उभे राहून बघायचे. कोणीतरी ओरडायचं, "निंघनी वरात!" दोघे परत आले की नाना एकच शब्द बोलत, "बरं." हे त्यांचं सर्वोच्च प्रमाणपत्र होतं. माईंच्या पुरणपोळीलाही यापेक्षा जास्त कधी मिळालं नाही.

मला हा नियम इतका पटला होता की एकदा बाहेरगावी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये ब्रेक करून घेतला तेव्हा मी तिथल्या माणसाला सहज म्हटलं, "चला, मागे बसा." त्याने मॅनेजरला बोलावलं.

आता नानांनी हे सगळं कशासाठी चालवलं होतं ते सांगते. त्यांना गावभर भटकायची हौस नव्हती. ती गाडी फक्त एका कामासाठी होती : दर महिन्याला धुळ्याला जायचं, अक्काकडे. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, अक्कानेच नानांना वाढवलं. आता अक्काचे गुडघे गेलेले, ती जळगावला येऊ शकत नव्हती. म्हणून नाना जायचे. सकाळी निघून दुपारी तिच्या हातची भाकरी खायची, तासभर तिची बोलणी खायची आणि परत यायचं. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या माणसाने एवढा रस्ता मोटारसायकलवर का तुडवावा, असं त्यांचा पुण्याचा मुलगा फोनवर दर वेळी विचारायचा. एसटी आहे, टॅक्सी आहे, मी पैसे पाठवतो.

एसटीचा प्रयोग एकदा झाला होता. माई सांगायच्या. नाना बसमध्ये चढण्याआधी बसच्या मागच्या चाकांपाशी वाकले, मग आणखी वाकले, मग बसच्या खाली शिरले. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा नानांचे फक्त पाय बाहेर होते. आरडाओरडा झाला. बाहेर येऊन नानांनी ड्रायव्हरला विचारलं की ब्रेक शेवटचा कोणी तपासला आणि तो माणूस या गाडीने धुळ्याला येणार आहे का. बस गेली. नाना स्टँडवरच राहिले. टॅक्सीवाल्याचीही हीच गत झाली, फक्त तो जास्त सभ्य होता, त्याने आधी दुसरं भाडं आल्याचं सांगितलं आणि मगच निघून गेला.

थोडक्यात, ती गाडी आणि नानांचे दोन हात हाच धुळ्याचा एकमेव रस्ता होता. तो बंद झाला की अक्का फोनवर उरणार होती, आणि अक्काला फोनवर ऐकू येत नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर नानांची तक्रार सुरू झाली. ब्रेक उशिरा लागतो. त्यांनी संजूभाऊकडे गाडी नेली, स्टूल टाकलं. लायनर बदलले, पुलावर वरात निघाली. परत आल्यावर 'बरं' आलं नाही. आठ दिवसांनी पुन्हा नेली. केबल बदलली. पुन्हा नेली. आता ड्रमच बदलून झाला. नाना म्हणत, "मी दाबतो, आणि ती विचार करते. मग थांबते." एका संध्याकाळी ते घरात गाडी घेताना गेटाच्या खांबाला घासले. खांबाचा रंग आरशावर आला. नानांनी खांबाकडे न बघता मागच्या चाकाकडे बघितलं.

माई वर माझ्या खोलीत आल्या. त्या जिना चढून क्वचितच यायच्या. "तुला समजतंय ना ग," त्या म्हणाल्या. "ब्रेकला काही झालेलं नाही. परवा दूध उतू जात होतं, मी हाक मारली. यांनी ऐकली, उठले, पोचेपर्यंत सगळं ओट्यावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय." मग त्या हसल्या आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "मी कशी सांगू? चाळीस वर्षं दुसऱ्यांचा माल नापास करत आलेला माणूस."

मीही सांगू शकले नाही. अशा गोष्टी सांगायला तोंड संजूभाऊसारखंच लागतं.

मी एक दिवस माझ्या गाडीचं ऑइल बदलायला संजूभाऊच्या गॅरेजमध्ये गेले होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. नानांच्या गाडीचं चौथ्यांदा काम झालं होतं. नानांनी हेल्मेट चढवलं, दुसरं संजूभाऊपुढे धरलं. संजूभाऊने ते घेतलं नाही. फडक्याने एकेक बोट पुसत राहिला.

"चाल," नाना म्हणाले.

"मी नही बसत, नाना."

गॅरेजमध्ये दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. नाना म्हणाले, "काबर? तुना ब्रेकवर तुनाच भरोसा नही?"

"ब्रेकवर बठ्ठा भरोसा शे."

"मंग?"

संजूभाऊ, ज्याची जीभ आयुष्यात एकदाही अडली नव्हती, तो खाली बघायला लागला. "मांगला टाइमले त्या रिक्षाना मांगे आपण वाचनूत, नाना. माले दोन पोरं शेत. ब्रेकवर मना भरोसा शे, तुमनावर नही."

मला वाटलं आता नाना गाडी ढकलत घरी नेतील आणि या माणसाचं तोंड पुन्हा बघणार नाहीत. संजूभाऊनेच मग ते हेल्मेट त्यांच्या हातातून घेतलं, पण स्वतः पुढे बसला. "तुम्ही मांगे बसा. मी चालाडस. ब्रेक खराब निंघना तं गॅरेजना शटर कायमना बंद करी टाकस."

मी नानांना पहिल्यांदा कोणाच्या मागे बसलेलं पाहिलं. हात कुठे ठेवायचे हेच त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग मागच्या दांडीला धरलं. दोघे पुलावर चढले, पलीकडे दिसेनासे झाले. पुलाच्या तोंडाशी नेहमीची मंडळी होती पण या वेळी कोणी ओरडलं नाही. परत आले तेव्हा संजूभाऊचा चेहरा रडवेला होता आणि नानांचा अगदी कोरा. नाना उतरले, हेल्मेट काढलं, आणि गाडीच्या ब्रेकला उद्देशून म्हणाले, "बरं."

मग ते चालत घरी गेले. गाडी संजूभाऊने आणून लावली. नानांनी तिच्यावर ताडपत्री घातली आणि दोरीने अशी बांधली की वादळातही हलू नये.

पुढचा महिना घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. नाना भाजीचं झाकणसुद्धा उचलेनासे झाले, हे माईंना सगळ्यात जास्त लागलं. धुळ्याला जायचा दिवस आला आणि गेला. अक्काने आपल्या शेजारच्या पोराच्या फोनवरून फोन केला. ती पलीकडून एवढ्या मोठ्याने बोलत होती की मला वर ऐकू आलं : "नाना, कधी येस?" नाना इकडून ओरडले, "येस अक्का, येस!" ती म्हणाली, "काय?" असं चार वेळा झालं आणि नानांनी फोन ठेवला.

मी खाली गेले. म्हटलं, "नाना, मला गुरुवारी धुळ्याला काम आहे. मागे बसा."

काम होतं, ते गुरुवारीच होतं असं नाही.

नानांनी मला आपादमस्तक पाहिलं. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या नजरेत कारखाना दिसला. "तपासावं लागेल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझी तपासणी झाली. ते स्वतः आधी बसणार नव्हते. त्यांच्या मते कोणताही माल प्रत्यक्ष वापराआधी तेवढ्याच वजनाखाली चालवून बघायचा असतो. घरात दादर ज्वारीची पोती होती. नानांनी वजनकाट्यावर स्वतःला मोजलं, मग पोत्यातून मापाने दादर काढून बरोबर तेवढी केली आणि ते पोतं माझ्या मागे दोरीने बांधलं. पोत्याला हेल्मेट घालण्याचाही विचार झाला होता, माईंनी मोडता घातला. मग मी त्या ज्वारीला घेऊन पुलावर चढले, उतारावर ब्रेक मारला, वळले, परत आले. नाना स्टूल टाकून पुलाच्या पायथ्याशी बसले होते. तीनदा मला असं फिरवलं. तिसऱ्या फेरीला एका बाईने रस्त्यात हात करून थांबवलं आणि विचारलं, "दादर कशी किलो दिली ताई?"

"बरं," नाना म्हणाले. मला शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. माईंनी दशम्या आणि लोणचं दिलं, आणि माझ्या कानात म्हणाल्या, "त्यांनी काही म्हटलं तर मनावर घेऊ नको." काही म्हटलं तर! पाळधी येईपर्यंत त्यांचं तोंड मिटलं नव्हतं. "पुढे ट्रक." "दिसला, नाना." "दिसला म्हणजे काय दिसलं? त्याचं डावं टायर बघा, पार गुळगुळीत झालंय. लांब राहा." "आरशात बघा." "बघितलं." "पुन्हा बघा, आता दुसरं आलं असेल." एरंडोलपर्यंत मी चारदा मनातल्या मनात त्यांना एसटीत बसवलं. बोलताना ते मागची दांडी इतकी घट्ट धरत होते की गाडीला त्यांच्या हातांचा ताण जाणवत होता. मला राग येत होता आणि त्यांची कीवही येत होती. सगळा जन्म स्वतःच्या डोळ्यांवर काढलेल्या माणसाला माझ्या पाठीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

पारोळा मागे पडलं. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वेचणी संपलेल्या कपाशीच्या काड्या, ऊन अजून कोवळं. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की सूचना बंद झाल्या आहेत. एक कंटेनर अगदी खेटून गेला तरी मागून शब्द नाही. मला वाटलं, रागावले. मग माझ्या हेल्मेटवर मागून टक्क असं काहीतरी आपटलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग सगळं वजन हळूहळू माझ्या पाठीवर आलं, ज्वारीच्या पोत्यासारखं, पण गरम.

सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो वाईटच. डाव्या हाताने मी मागे त्यांचा कोपर घट्ट धरला, गाडी हळू केली, आणि रसवंतीच्या एका मांडवापाशी कशीबशी थांबवली. "नाना! नाना!"

"काय झालं? का थांबवली?" नाना दचकून ताठ झाले.

"झोपला होतात तुम्ही!" मी इतक्या जोराने ओरडले की रसवाला चरक थांबवून बघायला लागला. "चालत्या गाडीवर! हायवेवर! पडला असतात तर? माईंना काय सांगितलं असतं मी?" मला रडूच फुटलं होतं.

"मी? झोपलो? धावत्या गाडीवर झोपायला मी काय वेडा आहे का?" नानांनी चष्मा पुसला. "डोळे मिटून विचार करत होतो."

"कसला?"

"बियाण्याचा," ते म्हणाले, आणि खाली उतरून दोन ग्लास रस सांगितला.

पुढचा रस्ता मी त्यांना जागं ठेवत नेला. "नाना, पुढे ट्रक." "दिसला." "टायर कसं आहे?" "बरं आहे." फागण्यापर्यंत माझा घसा बसला होता. धुळ्यात शिरल्यावर त्यांनी मला गल्ल्या सांगितल्या आणि एका बैठ्या घरापुढे गाडी थांबली.

अक्का ओट्यावर बसूनच होती. नानांपेक्षा बारीक, पण नजर तीच, तपासणीची. तिने आधी गाडी पाहिली, मग पुढे बसलेली मी, मग मागून उतरणारा भाऊ.

"तू मांगे बसीसन ऊना?" तिने विचारलं. तिचा विश्वास बसत नव्हता.

"हाव," नाना म्हणाले.

"आनि भ्याव नही वाटनं?"

मी हेल्मेट काढून आरशाला अडकवत होते. नानांनी मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं, मी ऐकत नाही अशी खात्री करून घेतली, मग ओट्यावर अक्काच्या शेजारी टेकले आणि तिच्या चांगल्या कानाशी तोंड नेलं. पण अक्काला ऐकू जाईल एवढं म्हणजे सबंध गल्लीला ऐकू जाईल एवढं.

"माले झोप लागी गई, अक्का."